ऐकायचा राहिलेला ढावलो

धावजी नायक तांडा, ता. दारव्हा
३ मार्च २०२५

चि. जमनीस
अनेक आशीर्वाद.

वर 'सौ.' लिहून खोडलंय, ते बबिता तुला सांगेलच. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. चाळीस वर्षांची हाताची सवय दोन आठवड्यांत कशी जाणार? नवा कागद घेणार होतो, पण त्यावरही हात तेच लिहील असं वाटलं.

फोन केला तर तू घेत नाहीस. तुझा लेक इंद्रजीत घेतो आणि "याडी झोपली" म्हणतो. सकाळी अकराला कोण झोपतं? म्हणून पत्र. आपण बोलतो गोरबोलीत, पण लिहायला मला सातवीपर्यंतच्या शाळेतली मराठीच येते. बबिता, सूनबाई, सासूला मोठ्यानं वाचून दाखव, आणि मधे आपल्या पदरचं काही घालू नकोस.

धरमसिंग गेला. माझा मेहुणा होता, पण मेहुणा होण्याआधी दोस्त होता. तुझ्यासाठी त्याचं नाव मीच याडीजवळ काढलं होतं. मला बातमी इंद्रजीतनं नाही, तर नेरच्या बाजारात कापूस घेऊन गेलेल्या आपल्या तांड्यातल्या सेवादासनं सांगितली. असो. मी निघालो आणि आलो.

आणि तू उठली नाहीस.

हे लिहू नये असं तुझी वहिनी सुखीबाई म्हणते, पण माझ्यानं राहवत नाही. आपल्यात बहीण भावाला वर्षानं भेटली तरी गळ्यात पडून ढावलो करते, सुरात रडते. सुख असो, दुःख असो. इंद्रजीतच्या जन्माच्या वेळी तू इतकी रडली होतीस की माझ्या सदऱ्याचा खांदा पिळावा लागला होता, आणि ती तर आनंदाची गोष्ट. या वेळी नवरा गेलेला, भाऊ दारात उभा, आणि तू भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलंस. "बसा," म्हणालीस. मला 'बसा'! सगळ्यांनी पाहिलं. परतीच्या जीपमध्ये नेरपासून दारव्ह्यापर्यंत सेवादास कापसाच्या भावाचंच बोलत राहिला.

अकरा वर्षं झाली त्या नसाबीला, त्या न्यायाच्या बैठकीला. अजून तेच धरून बसली आहेस? मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो. जंगलकाठच्या चार घरांचा वनजमिनीतला उभा कापूस वनखात्याच्या माणसांनी उपटला. कोणीतरी त्यांच्या कचेरीत जाऊन नावं दिली असं तुमच्या तेव्हाच्या तांड्यात उठलं. तुमच्या नायकाचंच एक शेत त्यात होतं, म्हणून न्यायाला मला बाहेरून बोलावलं. धरमसिंग तिथला कारभारी. नावं कळवली त्या दिवशी तो धुतलेलं धोतर नेसून सकाळच्या एसटीत चढला, हे तिघांनी पाहिलं. मी त्याला भर नसाबीत तीनदा विचारलं, "कुठं गेलता?" तीनदा तो म्हणाला, "सांगत नाही. पन तिथं नव्हतो." आता नसाबीत जे बोललं जातं त्याचाच न्याय होतो, पोटात असलेल्याचा होत नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी दंडावर सोडलं असतं. पण तो माझा मेहुणा होता, म्हणून कारभारीपण काढलं आणि पागडी उतरवायला लावली. नाहीतर लोक म्हणाले असते, फुलसिंग नायकानं घरच्याला वाचवलं.

जानेवारीत खुशीच्या कॉलेजात, यवतमाळला, मला 'नेतृत्व' या विषयावर बोलायला नेलं होतं. माझी नात, तिनंच ठरवलं. मी हेच सांगितलं: "नायकाला बहीण नसते, मेहुणा नसतो. ज्याला ते असतात त्यानं न्यायाच्या खाटेवर बसू नये." काय टाळ्या पडल्या! शाल, नारळ, फोटो. मोबाईलवर अजून फिरतोय म्हणे तो व्हिडिओ.

होळीला ये. पहिली होळी दुःखाची असते, ती माहेरी काढावी. गाडी पाठवतो.

तुझा भिया,
फुलसिंग

२० मार्च २०२५

जमनी,

गाडी रिकामी आली. ठीक आहे.

मी आज दुसरंच लिहायला बसलोय आणि कसं लिहावं ते कळत नाही. बबिता, हे पत्र वाचताना सासूजवळ दुसरं कोणी नाही ना, एवढं पाहा.

धुळवडीच्या दुपारी सुखीबाई अंगणात तूर पाखडत होती. बाहेर पोरी होळीची लेंगी गात होत्या. मी खाटेवर बसून कुरकुरत होतो, रिकाम्या गाडीचा राग होता. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी म्हटलं, "धरमसिंगनं तोंड उघडलं असतं तं ही पाळी आली नसती. कुठं गेलता येवढंच सांगाचं होतं."

तिचं सूप थांबलं. "जमनीनं सांगतलं नव्हतं काय तुमाले?"

"कधी?"

"तुमी त्यायच्या तांड्यात उतरले तवा. तुमच्या गळ्यात पडून. मी बाजूलेच उभी होती."

"तवा तं ती रडत होती."

"रडत होती म्हंजे? सांगून राह्यली होती तुमाले."

तिनं सूप खाली ठेवलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी आयकलंच नाही काय?"

जमनी, नाही ऐकलं. तुझ्या डोक्याची शपथ, नाही ऐकलं. आम्हा पुरुषांची लहानपणापासूनची रीत आहे. बाई गळ्यात पडली की तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, नजर लांब कुठंतरी लावायची, आणि सूर उतरू लागला की "बस बाई, बस" म्हणायचं. मी आयुष्यभर तुझा सूर ऐकला. त्यात शब्द असतात हे मला ठाऊक होतं, जसं विहिरीत मासे असतात हे ठाऊक असतं. त्या दिवशी लिंबाखाली चाळीस माणसं माझी वाट पाहत बसली होती. तू नेहमीपेक्षा जास्त वेळ रडलीस आणि मला तुझा राग आला होता. मी तुझे हात माझ्या मानेवरून सोडवले. ते दोन्ही हात मी स्वतः सोडवले, हे मला आता रोज आठवतं.

सुखीबाईनं सांगितलं ते असं. तुझ्या अंगावरून जात होतं, सहा महिने. पोटात गाठ आहे म्हणून कोणी भीती घातली होती. तू कोणाला सांगत नव्हतीस. त्या दिवशी धरमसिंग तुला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला होता. बाईमाणसाचं दुखणं तांड्यात फिरायला नको म्हणून तू त्याला शपथ घातलीस. एसटीत तुम्ही वेगवेगळे चढलात, तो तांड्याच्या फाट्यावर आणि तू पुढच्या. हे सगळं तू माझ्या गळ्यात पडून सुरात सांगितलंस, आणि शेवटी म्हणालीस, "भिया, शपथ मी घातली, सोडवणारा तू आहेस."

भावाला अशी गोष्ट बहीण दुसऱ्या कुठल्या तोंडानं सांगणार होती?

मी सुखीबाईला म्हटलं, "मंग अकरा वर्षं तू मले इचारलं काहून नाही?"

"काय इचारू? मले वाटलं आयकलं तुमी, अन् आयकूनसन्या न्याय केला. समद्या बायकायले तेच वाटलं. नायकाले बहीण नसते म्हनून तुमीच तं सांगता."

ती उठून आत गेली. तूर तशीच राहिली. जमनी, अकरा वर्षं ती माझ्या ताटात बाटी वाढत होती आणि मनात मला तसला माणूस समजत होती.

मला एवढंच विचारायचंय. ती गाठ कसली होती? तू बरी आहेस ना?

फुलसिंग

९ एप्रिल २०२५

जमनी,

तुझं उत्तर नाही. बबितानं इंद्रजीतच्या फोनवरून एक ओळ पाठवली, 'आई बरी आहे, गाठ साधी होती, तेव्हाच काढली.' देव तिचं भलं करो. साध्या गाठीसाठी एवढं सगळं घडलं. मोबाईलची बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून मी ती ओळ खुशीकडून तीनदा वाचून घेतली.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी ऐकलं नाही. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही. उरलेलं आज लिहितो. कान नव्हता म्हणून सुटता येतं. यातून सुटता येत नाही.

नसाबीत कोणीतरी विचारलं होतं, "धरमसिंगची बायको कुठं होती त्या दिवशी?" मागून एक जण म्हणाला, "ते तं माहेरी गेलती." तू घरात तसं सांगून निघाली होतीस, म्हणून त्यांना तेच ठाऊक. आणि पुढचं बोलणं सुरू झालं.

माहेर म्हणजे माझं घर. त्या दिवशी तू माझ्या घरी नव्हतीस. त्या चाळीस माणसांत धरमसिंग सोडला तर हे फक्त मला ठाऊक होतं.

हे मी स्वच्छ ऐकलं, जमनी. मनात आलंही, की जमनी तर आली नव्हती, मग नवराबायको दोघंही कुठं गेले होते? एक प्रश्न विचारला असता तर दोरा सुटला असता. पण मी विचारला असता तर लोकांना वाटलं असतं की नायक मेहुण्यासाठी वाट काढतोय. चार म्हातारे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मला त्यांच्यासमोर ताठ दिसायचं होतं. म्हणून मी ते गिळलं, आणि धरमसिंगला चौथ्यांदा विचारायच्या ऐवजी पागडी उतरवायला सांगितलं.

आपले थोर सांगून गेले, 'जाणजो, छाणजो, पछच माणजो.' आधी जाणून घे, मग चाळून घे, त्यानंतरच मान. मी हे शंभर नसाबीत शंभर लोकांना सुनावलं असेल. चाळणी माझ्या हातात होती आणि मी ती पाठीमागे लपवून बसलो. निःपक्षपाती दिसण्याचा सोस हाही एक पक्षपातच असतो, फक्त तो आपल्या स्वतःच्या बाजूचा असतो. कॉलेजातल्या पोरांना हे सांगायला हवं होतं. त्यावर टाळ्या पडल्या नसत्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या जुन्या तांड्यात गेलो, जो त्या नसाबीनंतर सोडून तुम्ही नेरला गेलात. जिथं न्याय दिला तिथंच परत घ्यावा लागतो. त्याच लिंबाखाली लोकांना बसवलं. या वेळी बायकांनाही बसवलं, पुढे. तुझ्या दुखण्याचं नाव घेतलं नाही, निर्धास्त राहा. एवढंच म्हणालो की धरमसिंग त्या दिवशी कुठं होता हे मला सांगण्यात आलं होतं, मी ऐकलं नाही, आणि जे ऐकलं ते लपवलं. मग माझी पागडी काढून त्याच जागी खाली ठेवली.

पुढच्या रांगेतली म्हातारी मानीबाई म्हणाली, "आमाले तं माईत होतं, नायक." एवढंच. तिच्यामागच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी तिथं उभा होतो आणि मला वाटलं, अकरा वर्षं या बायका माझ्या गाडीला वाट करून देत होत्या, राम राम घालत होत्या, आणि माहीत होतं त्यांना.

पोरांनी मोबाईलमधून डोकं वर काढलं. एक जण म्हणाला, "आजा, ते नावं कोणंच नोती दिली. जंगलवाल्यायच्या फोनवर नकाशात दिसते सारं. मायाच मित्र हाये त्यायच्याकडं, त्यानंच सांगतलं." म्हणजे चोरच नव्हता. ज्याच्यासाठी आपण एक माणूस मोडला, तो गुन्हा कोणी केलाच नव्हता.

परत येताना सेवादास चिडला होता. "नायकानंच चूक कबूल केली तं उद्या त्याचं आयकीन कोन?"

मी म्हटलं, "सेवादास, माह्यं आयकाले लोक लय होते. मले आयकाचं शिकवलं असतं कोनी तं बरं झालं असतं."

तो म्हणाला, "आता कायले? बाहत्तर वर्षं झाले तुमाले."

खरं आहे त्याचं. नायकपण मी सोडलं. पागडी परत उचलली नाही, मानीबाईच्या नातवानं नंतर घरी आणून दिली. ती खुंटीला आहे.

आता मी येतो. अमक्या दिवशी येतो असं कळवत नाही, म्हणजे तुला घर सोडून जावं लागणार नाही किंवा माझ्यासाठी थांबावंही लागणार नाही. सुखीबाई बरोबर असेल.

फुलसिंग

४ मे २०२५

जमनी,

नेरहून परत येऊन पाच दिवस झाले. ऊन फार आहे, विहिरीनं तळ दाखवलाय, सुखीबाईचा गुडघा धरलाय. बाकी ठीक.

तू तेव्हा जे बोललीस ते मी इथं लिहून काढतोय. तुला नवं काही नाही त्यात. पण मी ऐकलं की नाही हे तुला कळायला दुसरा मार्ग मला सुचत नाही. बबिता, हे तू सावकाश वाच, आणि चुकलं असेल तिथं सासूला थांबवू दे.

आम्ही दारात आलो. तू उठलीस. माझे हात आपोआप पुढे झाले. तू माझ्या बाजूनं निघून गेलीस आणि सुखीबाईच्या गळ्यात पडलीस. तिच्या खांद्यावरून तुझं तोंड माझ्याकडे होतं आणि डोळे उघडे होते. ढावलो करताना डोळे उघडे ठेवलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. मी मान फिरवली नाही. सवयीनं दोनदा फिरू लागली होती, ती मी धरली.

तू म्हणालीस, वहिनी, मला एक भाऊ होता, त्याला दोन कान होते, आणि दोन्ही नायकाचे निघाले.

तू म्हणालीस, नसाबीत बाई जात नाही, पण नवऱ्याची पागडी मातीत पडली होती, ती उचलायला मीच गेले. चाळीस माणसांत एकाचाही हात पुढे झाला नाही, ज्याच्या आईचं दूध मी प्याले त्याचाही नाही. हे खरं आहे. मी तेव्हा दुसरीकडे पाहत होतो.

तू म्हणालीस, त्या रस्त्यानं नेरला चालत येताना मी त्याला म्हटलं, शपथ परत घेते, जा आणि सांग. तर तो म्हणाला, आता सांगून काय, तुझ्या भावाला तू सांगितलंस ना? त्याला ठाऊक आहे. त्याचं काही कारण असेल.

'त्याचं काही कारण असेल.' जमनी, हे तू सुरात म्हणालीस तेव्हा सुखीबाई खाली बसली. मीही बसलो. तू उभीच होतीस.

तू म्हणालीस, जिनिंगच्या फाटकावर तो अकरा वर्षं वॉचमन होता. साहेबांनी टोपी दिली, ती घातली नाही. उन्हात, थंडीत, उघड्या डोक्यानं बसला. पागडी ट्रंकेत होती, डांबराच्या गोळ्या घालून. चितेवर ठेवताना इंद्रजीत म्हणाला, बांधू का? तू म्हणालीस, नको, उतरवणाऱ्यानं बांधली तरच बांधायची. आणि मी तेव्हा दहा हातांवर उभा होतो. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

तू म्हणालीस, जानेवारीत इंद्रजीतच्या फोनवर माझं भाषण आलं. धरमसिंगनं पाहिलं. 'परत लाव,' म्हणाला. दुसऱ्यांदाही पूर्ण पाहिलं. टाळ्या वाजल्या तेव्हा फोन परत दिला आणि म्हणाला, "फुलसिंग बारीक झाला गड्या. तब्येत पाहाले पाहिजे त्याची."

एवढंच म्हणाला, असं तू म्हणालीस. मला त्याहून जास्त कोणी काही म्हटलेलं नाही.

मग सूर उतरू लागला. माझ्या तोंडाशी "बस बाई" आलं होतं, ते मी दातांत धरलं. तू पुन्हा चढवलास. याडी गेली तेव्हाचं काढलंस, त्याच्या आधीचं काढलंस, मी तुला शाळेतून काढून बकऱ्यांमागे लावलं होतं तेही काढलंस. बबितानं आणलेल्या चहावर साय धरली. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मी सगळं ऐकलं. काही ठिकाणी तुझा आवाज फाटला आणि शब्द कळले नाहीत. अशा तीन जागा आहेत. त्या मी सुखीबाईलाही विचारल्या नाहीत. त्या तुझ्याकडूनच ऐकायच्या आहेत.

शेवटी तू पदरानं तोंड पुसलंस. साध्या आवाजात विचारलंस, "आयकलं?"

"आयकलं," मी म्हणालो.

"मंग जाय आता."

मी उठलो. तू मला थांबवलं नाहीस. दारातून मागे पाहिलं तेव्हा तू थंड झालेला चहा मोरीत ओतत होतीस. एसटी स्टँडपर्यंत सुखीबाई माझा हात धरून चालत होती, लग्नाला पन्नास वर्षं झाली पण रस्त्यावर तिनं कधी हात धरला नव्हता.

माफी मागायला बसलो होतो, पण ती या कागदावर मावत नाही आणि तू मागितलेलीही नाहीस. खुंटीवरची माझी पागडी मी काढून धुवायला दिली आहे. ती बांधण्यासाठी नाही. धरमसिंगच्या ट्रंकेत त्याच्या पागडीशेजारी तिला जागा असेल तर पाठवीन. नसेल तरी काही नाही.

आणि जमनी, मी आता शब्द ऐकायला शिकतोय, या वयात जेवढं जमेल तेवढं. तू 'जा' म्हणालीस. 'परत येऊ नको' म्हणाली नाहीस. हे मी नीट ऐकलं आहे.

तुझा भिया,
फुलसिंग